घरकामाचा हिशोब कोर्टात कसा मांडला गेला

गटाचा फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी आलो की कितीतरी जणी आम्हाला सांगतात, “काही नाही लिहा, घरीच असते.” पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत राबणारी बाई हे सांगते. पण अपघात झाला की कोर्टात हाच प्रश्न येतो, बाई काय करत होती? त्याच्या उत्तराचा इतिहास आज सांगतो.

भरपाईचे कायदे आपल्याकडे जुने आहेत. जीवघेण्या अपघातांचा कायदा १८५५ चा, कामगारांच्या भरपाईचा १९२३ चा. मालकाच्या कामावर असताना हात गेला, तर मजुरीवरून भरपाई मोजायची. रस्त्यावरच्या अपघातांसाठी वेगळी न्यायाधिकरणं १९५६ च्या दुरुस्तीने आली. तिथेही आधी कमाई विचारतात. कारखान्यातल्या माणसाकडे पगाराचा कागद असतो. चुलीपुढच्या बाईने तो कुठून आणायचा?

मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये एक तक्ता जोडला गेला. कमाई नसलेल्या माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरा, आणि कमावत्याची बायको असेल तर त्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश, असं त्यात होतं. म्हणजे नवरा मजूर तर तिचं काम स्वस्त, नवरा साहेब तर महाग. भाकरी थापायला दोघींना कष्ट सारखेच ना?

मोठा बदल जमशेदपूरच्या खटल्याने झाला. ३ मार्च १९८९ ला तिथल्या टाटा पोलाद कारखान्याच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात आग लागली. बायका-मुलं जळून गेली. भरपाई ठरवण्याचं काम सर्वोच्च न्यायालयाने आपल्या पुण्याचे माजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्याकडे दिलं. त्यांनी गृहिणीच्या कामाचे वर्षाला १२,००० रुपये धरले, वयस्क बायकांचे १०,०००. २००१ मध्ये न्यायालयाने ही रक्कम फारच कमी असल्याचं सांगून ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी महिना ३,००० रुपये केली. म्हाताऱ्या बायकांसाठी वर्षाला २०,००० धरले. सत्तरीची आजीसुद्धा नातवंडं सांभाळते, हे निदान कागदावर आलं.

२०१० मधल्या एका खटल्यात न्यायमूर्ती गांगुली यांनी जनगणनेवरच बोट ठेवलं. २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, काम न करणाऱ्यांत बसवलं होतं! त्या खटल्यात अडीच लाखांची भरपाई सहा लाख झाली. २०२१ च्या निकालात सरकारी पाहणीचे आकडे आले: बाई दिवसाला २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते, पुरुष ९७. आणि २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही. पण ‘किमान’ म्हणजे किमान. त्यापुढे काय मिळेल ते पुराव्यावर.

बाई वाचली पण अधू झाली, तर गणित असं चालतं. समजा वय ३५, काम महिना ६,००० रुपयांचं धरलं, आणि कायमच्या अपंगत्वामुळे ३० टक्के काम होत नाही. महिन्याचं नुकसान १,८००, वर्षाचं २१,६००. या वयाला कोर्ट १६ ने गुणतं, म्हणजे ३,४५,६०० रुपये. दवाखान्याचा खर्च, यातना आणि सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा खर्च वेगळा. टक्का दाखल्यावरचा जसाच्या तसा धरत नाहीत. त्या इजेने कोणतं काम अडलं ते पाहतात. म्हणून किती माणसांचा स्वयंपाक, किती जनावरं, शिलाई, खुरपणी, गटाचा पापडाचा धंदा, सगळं वकिलाला सांगायचं. गटाचं पासबुकही पुरावा होतं.

अर्ज आपण राहतो त्या भागातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणातही करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा दिवस-कार्य उरकेपर्यंत थांबू नका. पोलिसांच्या कागदांची नक्कल लगेच मागा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी अडू नये, कारण १९८७ च्या कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, अर्ज तिथे द्यायचा.