तळ कोणी पाहावा?

बाणकोट, दाभोळ, जयगड, रत्नागिरी. या बंदरांच्या आसपासच्या कितीतरी मुसलमान घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पेटली. कोणी नाखवा, कोणी तांडेल, कोणी सारंग, तर कोणी परदेशी बोटीवरचा खलाशी. 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा'चाच किनाऱ्यावर रुळलेला अवतार. नाव आणि खुदा, म्हणजे नावेचा धनी. नावेचे सुकाणू त्याच्या हाती आणि पुष्कळदा मालकीही त्याचीच. आपले गलबत समुद्रात जाण्यालायक आहे की नाही, याचा निवाडाही तोच करी.

हा निवाडा आंधळा नव्हता. गलबत उधाणाच्या भरतीला वर ओढून घेत, ओहोटीला तळ उघडा पडे. मग सुतार हातोडीने एकेक फळी ठोकून कान देई. आवाज टणक आला तर लाकूड शाबूत. बद्द आला तर किड्याने आतून पोखरलेले. खराब फळी बदलायची, सांध्यांत कापूस ठासायचा, वर तेल आणि राळ चढवायची. जाणकारीत काही उणे नव्हते. पण नव्या फळीचा खर्च धन्याच्या खिशातून जाई आणि सुताराची मजुरीही त्याच खिशातून येई. "एवढा मोसम निघेल," असे धनी म्हणाला तर सुतार किती वेळा नाही म्हणणार? ज्याचा जीव त्या फळीवर तरंगायचा, त्या खलाशाला तर कोणी विचारतही नसे.

हा दोष आमच्याच किनाऱ्याचा होता असे समजू नये. लंडनमध्ये एडवर्ड लॉईडच्या कॉफीखान्यात जमणाऱ्या विमेवाल्यांनी १७६० साली एक मंडळ काढले आणि जहाजांची यादी छापायला घेतली. जहाजाचा सांगाडा कोणत्या दर्जाचा, हे अक्षरांनी दाखवले जाई. मालकाशी संबंध नसलेल्या माणसाने तळ तपासायचा, या प्रथेची ही एक मोठी सुरुवात. पण हे तपासनीस विमेवाल्यांचे होते. मालकांना त्यांचा निकाल पटेना. १७९९ साली त्यांनी आपली वेगळी यादी काढली. विमेवाल्यांची हिरवी, मालकांची लाल. एकाच जहाजाला दोन तराजू! पुढे दोन्ही पक्षांचे नुकसान होऊ लागले तेव्हा १८३४ साली समेट झाला. नव्या समितीत २४ जण घेतले: व्यापारी, जहाजमालक आणि विमेवाले प्रत्येकी आठ. खलाशांसाठी एकही जागा नव्हती.

खलाशांची बाजू पार्लमेंटात सॅम्युअल प्लिमसॉल यांनी लावून धरली. त्यांच्या खटपटीमुळे १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. मात्र ती कुठे रंगवायची हे मालकानेच ठरवायचे होते. एका कप्तानाने ती थेट धुराड्यावर रंगवली, अशी आख्यायिका सांगतात. रेषेची जागा मालकाच्या हातातून काढून घ्यायला १८९० साल उजाडले. नियम असणे आणि त्याचे माप दुसऱ्याच्या हाती असणे, यांत १४ वर्षांचे अंतर पडले.

आपल्या देशात १९१७ च्या कायद्याने नद्या-खाड्यांतल्या वाफेच्या बोटींना सर्व्हेचा दाखला आवश्यक ठरवला. सर्व्हेअर सरकारने नेमलेला. दाखल्याची मुदत फार तर एक वर्ष आणि किती उतारू घ्यायचे तो आकडाही त्यावरच. शिडाची गलबते त्या कायद्याबाहेर राहिली.

तरीही दाखला म्हणजे सलामती नव्हे, हे कोकणाला कोणी शिकवायला नको. १७ जुलै १९४७. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती जुनाट नव्हती, १९३६ साली बांधलेली होती. लाटांच्या माऱ्यात उतारू एका बाजूला धावले आणि तोल गेला. सर्व्हेअर तळ पाहून किनाऱ्यावर उतरतो. त्या दिवशीची हवा आणि गर्दी धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसानेच पाहायची असते. पण म्हणून तळ पाहण्याचे महत्त्व कमी होत नाही.

आज छोट्या व्यापारी नौका इतक्या आहेत की सरकारी सर्व्हेअर पुरे पडत नाहीत. ब्रिटनने १९९० च्या दशकापासून २४ मीटरपर्यंतच्या अशा नौकांची तपासणी मान्यताप्राप्त बाहेरच्या संस्थांकडे सोपवली. अमेरिकेत २०१६ च्या नियमांनी टग बोटींच्या मालकांना तटरक्षक दल किंवा मान्य त्रयस्थ संस्था, यांतून निवड करण्याची मुभा दिली. आपल्याकडे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ साली मुंबईत उभी राहिली. १९१७ च्या कायद्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली.

बाहेरचा माणूस आणावा, हे आम्हांला मान्य आहे. मात्र तो नुसता बाहेरून आला म्हणजे त्रयस्थ झाला, हे मान्य नाही. त्याची फी मालकच देतो आणि 'नाही' म्हणणाऱ्याला सोडून 'हो' म्हणणारा शोधण्याची मोकळीक मालकाला असेल, तर तो कोट घातलेला जुना सुतारच. त्याने नौका पाण्याबाहेर काढून, स्वतः खाली शिरून तळ पाहावा. त्याचा जबाब मालकाकडे नव्हे, त्याला मान्यता देणाऱ्याकडे असावा. एकाने नाकारलेली नौका दुसऱ्याकडे गेली तर आधीचा नकारही तिच्याबरोबर जावा.

आणि त्याचा अहवाल मालकाच्या कपाटात बंद न राहता तांडेलाच्या हाती पडावा, खलाशांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. १८३४ च्या समितीत जी खुर्ची मांडायची राहून गेली, ती एवढ्याने तरी मांडली जाईल. नौका मालकाची असेल. तीत बसणारा जीव मात्र त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे.