भिंतीवरून कागदावर

कलेचा पारखी कारागिरांच्या दारी राहावयास गेला म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे तर आपण मिथिलेकडे वळू या. १९३४ च्या भूकंपात तेथील घरांच्या भिंती कोसळल्या आणि आतली चित्रे विल्यम आर्चर ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. १९४९ साली त्यांनी 'मार्ग' नियतकालिकात त्यांवर लिहिले. विद्वानांना चित्रे कळली. ती काढणाऱ्या बायकांच्या संसारात मात्र फरक पडला नाही.

१९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांस मधुबनीस धाडले. त्यांनी बायकांच्या हाती कागद दिला. नवदांपत्याच्या खोलीतले कोहबर कागदावर उतरले, विकले जाऊ लागले. जितवारपूरच्या जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली.

पुढे हेच कुलकर्णी आपल्या वारल्यांत वावरले. जिव्या सोमा म्हसे यांना लोकांपुढे आणण्यात त्यांचा मोठा हात होता. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री लाभली. परंतु वारल्यांत लग्नाचा चौक लिहिणे हा सवासिनींचा मान. कागदावर पहिले मोठे नाव झाले ते पुरुषाचे! कागदाने पोटाला दिले, नाव दिले. पण ते कोणाला, हे विचारणे आपले काम आहे. पाहुण्याचे श्रेय थोर खरे. रेघ मात्र घरच्यांचीच.