सॉफ्टवेअर विकास प्रारूपे आणि सदृशीकरण संशोधन

सॉफ्टवेअर विकास प्रारूप म्हणजे एखादी संगणकप्रणाली गरजा निश्चित करण्यापासून तिच्या देखभालीपर्यंत कोणत्या टप्प्यांनी व कोणत्या क्रमाने घडवावी, याचा आराखडा होय. धबधबा (वॉटरफॉल), व्ही, वर्धिष्णू, सर्पिल (स्पायरल) आणि अजाइल ही सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील प्रमुख प्रारूपे आहेत. सदृशीकरण (सिम्युलेशन) संशोधनात एखाद्या प्रक्रियेची गणिती प्रतिकृती संगणकावर चालवून त्या प्रक्रियेचा अभ्यास केला जातो. या क्षेत्रात वरील प्रारूपे आहेत तशी लागू पडत नाहीत. व्यावसायिक प्रणालीकडून काय अपेक्षित आहे, हे ग्राहकाला विचारून ठरवता येते. सदृशीकरणात मात्र उत्तर आधी ठाऊक नसते आणि ते ज्या निरीक्षणांशी ताडून पाहायचे, ती निरीक्षणेही पुढे बदलू शकतात. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बीण आणि बोरी बुद्रुक येथील ज्वालामुखीय राख ही या फरकाची दोन उदाहरणे आहेत.

इतिहास

१९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेनंतर 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा रूढ झाली. विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये मांडलेल्या टप्प्याटप्प्यांच्या आकृतीला पुढे धबधबा प्रारूप हे नाव मिळाले. तथापि, केवळ एका दिशेने जाणारा हा क्रम धोक्याचा आहे, असे रॉइस यांनी त्याच लेखात नमूद केले होते. प्रणाली दोनदा बांधावी आणि पहिली आवृत्ती अंतिम प्रणालीचे सदृशीकरण समजावी, असा त्यांचा सल्ला होता. व्हिक्टर बॅसिली व अल्बर्ट टर्नर यांनी १९७५ मध्ये पुनरावृत्तीने सुधारणा करण्याची पद्धत मांडली. बॅरी बोहेम यांचे जोखमीवर आधारित सर्पिल प्रारूप १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी अजाइल जाहीरनामा तयार केला.

सदृशीकरण आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी यांचा संबंध याहून जुना आहे. नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात सदृशीकरणासाठी 'सिम्युला' ही भाषा घडवली. वस्तुनिष्ठ आज्ञावलीच्या 'वर्ग' व 'वस्तू' या संकल्पना तिच्यातूनच आल्या.

पडताळणी आणि यथार्थता

सदृशीकरणाच्या विकासचक्रात तीन घटक मानले जातात : प्रत्यक्ष प्रक्रिया, तिची संकल्पनात्मक प्रतिकृती आणि संगणकीय प्रतिकृती. संकल्पना आज्ञावलीत अचूक उतरली आहे का, हे पाहणे म्हणजे पडताळणी; प्रतिकृती प्रत्यक्षाशी पुरेशी जुळते का, हे पाहणे म्हणजे यथार्थता तपासणी. पडताळणीत निर्दोष ठरलेली आज्ञावलीही यथार्थतेत नापास होऊ शकते. उलटपक्षी, दोन चुका परस्परांना झाकत असल्यास सदोष आज्ञावलीचे निष्कर्षही निरीक्षणांशी जुळलेले दिसू शकतात. म्हणून या दोन्ही तपासण्या स्वतंत्रपणे करणे आवश्यक मानले जाते.

तुलना

| प्रारूप | अभियांत्रिकीतील बलस्थान | सदृशीकरणातील स्थिती |
|---|---|---|
| धबधबा | गरजा स्थिर असताना करार व नियोजन सोपे | गरजा संशोधनातून उमगत असल्याने अपुरे |
| व्ही | प्रत्येक टप्प्याला जोडलेली चाचणी | पडताळणीस उपयुक्त; यथार्थतेस बाह्य निरीक्षणे लागतात |
| वर्धिष्णू | चालू प्रणालीत भर घालता येते | दीर्घायुषी वैज्ञानिक आज्ञावलींची नेहमीची वाट |
| सर्पिल | मोठी जोखीम आधी हाताळली जाते | अनिश्चित भौतिक गृहीतके आधी तपासता येतात |
| अजाइल | ग्राहकाचा सततचा प्रतिसाद | वैज्ञानिक स्वतःच वापरकर्ता असल्याने अनुकूल. नोंदी अपुऱ्या राहण्याचा धोका |

खोडद येथील रेडिओ दुर्बीण

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातर्फे चालवली जाते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. सर्व तबकड्यांचे संकेत परस्परांशी जुळवण्याचे काम आरंभी त्यासाठी खास बनवलेली यंत्रसामग्री करीत असे. २०१० च्या सुमारास हे काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे आले. पुढील सुधारणेत ग्राफिक्स प्रक्रियकांचा वापर करून ३२ मेगाहर्ट्झची पट्टरुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्यात आली. निरीक्षणे चालू ठेवून टप्प्याटप्प्याने केलेली ही सुधारणा वर्धिष्णू विकासाचे उदाहरण आहे. तबकड्या व ग्राहकयंत्रे यांची रचना बांधणीपूर्वी निश्चित करावी लागते. सॉफ्टवेअर मात्र नंतरही बदलता येते. त्यामुळे अशा प्रकल्पांत दोन प्रारूपे शेजारी-शेजारी नांदतात.

स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातही हे दिसते. त्याच्या 'टेलिस्कोप मॅनेजर' या नियंत्रणप्रणालीच्या आराखड्याचे नेतृत्व याच केंद्राकडे होते. आराखड्याचा टप्पा औपचारिक परीक्षणांनी बांधलेला होता. प्रत्यक्ष सॉफ्टवेअर विकासासाठी मात्र अनेक चमूंना एकत्र बांधणारी विस्तारित अजाइल पद्धत स्वीकारण्यात आली.

बोरी बुद्रुक येथील राख

बोरी बुद्रुक येथे कुकडी नदीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा थर आढळतो. या परिसरातून अश्युलियन परंपरेची दगडी हत्यारेही मिळाली आहेत. ही राख इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून आली, असे मानले जाते. तिच्या वयाविषयी मात्र मतभेद आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगण्यात आले. १९९० च्या दशकात रासायनिक साधर्म्यावरून तिचा संबंध सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाशी जोडला गेला, तर २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने सुमारे ८ लाख वर्षे हे वय मांडण्यात आले.

राखेचा प्रसार सदृशीकरणाने अभ्यासण्यासाठी 'फॉलथ्रीडी' ही आज्ञावली वापरली जाते. टोबाच्या महाउद्रेकाच्या २०१४ मधील अभ्यासात तिची असंख्य आवर्तने वेगवेगळ्या गृहीतकांनिशी चालवून निष्कर्ष ठिकठिकाणी मोजलेल्या थरांच्या जाडीशी ताडण्यात आले. अशा तुलनेत बोरीसारख्या स्थळाबाबत दोन प्रश्न उद्भवतात. थर दुसऱ्याच उद्रेकाचा असल्यास त्याची जाडी या प्रतिकृतीचा निकषच ठरत नाही. तसेच पाण्याने वाहून आलेली राख एकत्र साचल्यास थर मूळ राखपातापेक्षा जाड दिसतो. दोन्ही बाबतींत आज्ञावलीत एकही दोष नसताना निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. म्हणून कोणती निरीक्षणे कोणत्या गृहीतकांसह वापरली, याची नोंद आज्ञावलीच्या आवृत्तीइतकीच महत्त्वाची असते.

फॉलथ्रीडी वर्षानुवर्षे वर्धिष्णू पद्धतीने वाढत गेली. जुन्या रचनेच्या मर्यादा जाणवल्याने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली आठवी आवृत्ती नव्याने लिहिण्यात आली.

हवामान प्रतिकृती

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने अमेरिकेतील 'सीएफएस' या प्रतिकृतीत भर घालत मान्सूनच्या अंदाजासाठी प्रतिकृती विकसित केली. त्याच पायावर उभी राहिलेली पृथ्वीप्रणाली प्रतिकृती 'सीएमआयपी-६' या आंतरराष्ट्रीय तुलना-प्रकल्पात सहभागी झाली. ब्रिटनच्या हवामान कार्यालयातील विकासपद्धतीचा अभ्यास स्टीव्ह ईस्टरब्रुक व टिमथी जॉन्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील वैज्ञानिकांची कार्यपद्धती अजाइल व मुक्तस्रोत प्रकल्पांशी मिळतीजुळती असल्याचे त्यांना आढळले.

हेही पहा

* सॉफ्टवेअर अभियांत्रिकी
* जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप
* बोरी बुद्रुक
* टोबा सरोवर