कावळा, पोस्ट आणि फोन

मालवणी मुलखात मुलीला पाळी आली की 'कावळो शिवलो' असं म्हणायची रीत होती. दोन शब्दांत घरादाराला कळायचं की आज ती चुलीकडे येणार नाही, देवाला शिवणार नाही. शरीरात नेमकं काय होतंय, ते मात्र तिला कोणी सांगायचं नाही. मुलग्यांसाठी तर कावळाही नव्हता. मसुऱ्यासारख्या गावांतले कितीतरी बाप मुंबईत गिरणीत राबायचे. त्यांची मनीऑर्डर यायची, पण वयात येणाऱ्या मुलाशी बोलायला बाप घरी नसायचा.

म्हणजे कोकणात हा विषय कोणाच्या तोंडी नव्हता, असं नाही. शिमग्यात त्याच्या नावाने भर चव्हाट्यावर बोंब मारली जायची. नव्हतं ते आईबाप आणि मुलांमधलं सरळ बोलणं.

ही कोंडी फोडायला निघालेला माणूसही कोकणातलाच. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवायचे. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. कॉलेजला ते रुचलं नाही आणि प्राध्यापकी सुटली. जुलै १९२७मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. घरात विचारता न येणारे प्रश्न वाचक पत्रातून विचारायचे आणि कर्वे उत्तरं छापायचे.

हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरच्या उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. कर्वे हरले, दंड झाला. तरीही १९५३मध्ये मरेपर्यंत त्यांनी मासिक चालवलं.

यातली गोम बघा. प्रश्न कर्व्यांनी निर्माण केले नव्हते, ते लोकांच्या मनात होतेच. गुन्हा ठरला तो उत्तर देणं. सांगितलं की मुलं बिघडतात, ही भीती पुढेही टिकली. २००७मध्ये शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाला विरोध झाला, तेव्हा नकार देणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता.

आता पत्राची जागा फोनने घेतली आहे. मसुऱ्यातला मुलगा दादरच्या मुलाइतक्याच झटपट सर्च करतो आणि हिस्टरी पुसतो. पण कर्वे उत्तरासाठी कोर्टात उभे राहायला तयार होते. पुढ्यात आलेल्या व्हिडिओची जबाबदारी कोण घेतं? मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: माहिती खरी आहे का, यापेक्षा तुम्ही स्क्रीनवर किती वेळ थांबलात, हे अल्गोरिदमला जास्त महत्त्वाचं असतं. पॉर्न बघून शरीराबद्दल समज करून घेणाऱ्याला कंडोम कशासाठी, संमती म्हणजे काय, हे त्यातून कळत नाही.

आईबापांना सगळं ठाऊक असायची गरज नाही. 'माका म्हायत नाय, पण डॉक्टराक इचारूया,' एवढं म्हटलं तरी मुलाला कळतं की हा प्रश्न घरात विचारता येतो.