तबकड्यांची पंगत आणि रिकामे पान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

२००५ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचे संगणक सांभाळण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. संस्थेचा सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोलीतले एक काळे खोके आणि त्यात चार हार्ड डिस्क. पिग्मी एजंट दिवसभर दारोदार फिरून दहा-वीस रुपये गोळा करीत आणि संध्याकाळी त्या नोंदी या खोक्यात जात. एके दिवशी सहज म्हणून मी सर्व्हरला विचारले, तबकड्या ठीक आहेत ना? विचारले म्हणजे काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. उत्तरात चार वेळा इंग्रजी 'यू' हे अक्षर यायला हवे होते. तीनदाच आले. एका जागी नुसती आडवी रेघ होती. मागच्या नोंदी चाळल्या, तर एक डिस्क बंद पडून सात आठवडे झाले होते! सात आठवडे संस्थेचा व्यवहार सुरळीत चालला होता आणि कुणाला कसलाही पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी पुढे काय घडले ते शेवटी सांगतो. आधी ही आडवी रेघ आली कुठून, ते पाहू.

चुंबकीय तबकडीवर माहिती साठवणारे पहिले व्यापारी यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ साली आणले. त्याचे नाव रॅमॅक. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, एक टनाच्या आसपास वजन, आणि एवढ्या खटाटोपात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. पुढची तीस वर्षे मोठ्या संगणकांची रीत हीच राहिली. एक भलीमोठी, महागडी आणि भरवशाची तबकडी घ्यायची आणि तिला जपायचे. ज्यांना फारच काळजी होती ते दोन घेत आणि दोन्हींवर तेच लिहीत. टँडम कंपनीची न थांबणारी यंत्रे सत्तरच्या दशकात असेच करीत. पण त्यात खर्च दुप्पट होई.

ऐंशीच्या दशकात घरगुती संगणक आले आणि त्यांच्यासाठी लहान, स्वस्त डिस्कही आल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी डिसेंबर १९८७ मध्ये एक अहवाल लिहिला आणि १९८८ साली तो शिकागोच्या परिषदेत मांडला. त्यांनी एका बाजूला आयबीएमची १४ इंची '३३८०' ठेवली. तिच्यात ७,५०० मेगाबाइट मावत. दुसऱ्या बाजूला कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क ठेवली. तिच्यात १०० मेगाबाइट मावत. मोठीला ६,६०० वॉट वीज लागे, लहानीला १० वॉट. मग एका हत्तीऐवजी ७५ बैल का जुंपू नयेत?

उत्तर त्यांनीच दिले. एका लहान डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षे. पण अशा १०० डिस्क एकत्र चालवल्या, तर त्यांपैकी कोणती ना कोणती दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच बिघडणार. घरातला एक दिवा वर्षाकाठी एकदा जातो. देवळाच्या रोषणाईतला मात्र रोज एखादा गेलेला असतो. तसेच हे. स्वस्त डिस्कची पंगत मांडायची, तर कोण कधी पानावरून उठून जाईल याची तयारी आधीच करायला हवी. या तयारीला त्यांनी नाव दिले 'रेड'. स्वस्त तबकड्यांची, थोडी जादा सोय राखलेली रांग, असा त्याचा अर्थ. पुढे 'स्वस्त' हा शब्द गळाला आणि त्या जागी 'स्वतंत्र' आला. विकणाऱ्यांना आपला माल स्वस्त म्हणवून घेणे कसे परवडणार?

ही जादा सोय म्हणजे काय, ते घरच्या हिशेबावरून कळेल. महिन्याचे दूध ३०० रुपये, भाजी ४००, किराणा १,२००, एकूण १,९००. वहीवर पाणी सांडून भाजीचा आकडा पुसला गेला, तरी बेरीज शाबूत असेल तर तो परत काढता येतो. चार डिस्कच्या रांगेतही असेच. तीन डिस्कच्या जागेत माहिती, एका डिस्कएवढ्या जागेत तिची बेरीज. ही बेरीज एकाच डिस्कवर ठेवली, तर प्रत्येक नोंदीच्या वेळी तिच्याच दारात गर्दी होते, म्हणून ती चौघींवर वाटून ठेवतात. हा या पद्धतीचा पाचवा प्रकार, रेड पाच. आयबीएमच्या नॉर्मन ओची यांना गेलेल्या साठवणीतली माहिती अशी उरलेल्यांवरून परत मिळवण्याच्या युक्तीचे पेटंट १९७८ सालीच मिळाले होते. बर्कलीच्या तिघांनी या साऱ्या युक्त्यांना क्रम दिला, आकडे दिले आणि नाव दिले.

पण हिशेबाच्या वहीतले दोन आकडे पुसले गेले, तर एकटी बेरीज काही करू शकत नाही. एक डिस्क गेल्यावर रांग चालत राहते खरी, पण ती शेवटच्या आधारावर. म्हणून गेलेली डिस्क ओळखणे, काढणे आणि तिच्या जागी नवी बसवणे हे काम कुणीतरी वेळेवर करावेच लागते.

महागड्या यंत्रांत हे काम स्वतंत्र कार्ड करी. बिघाड झाला की लाल दिवा लागे, भोंगा वाजे. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीने नव्वदच्या दशकात हेच काम साध्या संगणकावर, जादा कार्डाशिवाय करून दाखवले. आमच्यासारख्या लहान संस्थांना रेड परवडली ती यामुळे. मात्र इथे दिवा नाही की भोंगा नाही. जे काही विचारायचे ते आज्ञा टाइप करून.

सुरुवातीच्या आज्ञांचा संच होता 'रेडटूल्स'. त्यात रांगेचे वर्णन आधी एका फाइलीत लिहून ठेवावे लागे. वर्णन चुकले तर नवी रांग जुन्या माहितीवर मांडली जाण्याची भीती. म्हणून रांग मांडणारी आज्ञा जबरदस्ती करू पाहणाऱ्याला अडवी, आणि खरोखरच जबरदस्ती करायची असेल तर 'रिअली फोर्स' असे लिहायला लावी. एवढे लिहूनही हात पोळलेले लोक मला ठाऊक आहेत.

२००१ साली ऑस्ट्रेलियातल्या नील ब्राउन यांनी 'एमडीएडीएम' हा नवा कार्यक्रम लिहिला. एकाच आज्ञेत सगळा कारभार. प्रत्येक डिस्कवर 'मी कोणत्या रांगेतली, कितव्या जागेवरची' अशी ओळख लिहिलेली असते. ती वाचून हा कार्यक्रम रांग पुन्हा जुळवतो. डिस्क कोणत्या खाचेत आहे याला महत्त्व नाही. बिघडलेलीला बाद ठरवायचे, रांगेतून काढायचे, नवीला आत घ्यायचे, यासाठी तीन छोट्या आज्ञा. शिवाय तो रांगेवर पहारा ठेवून बिघाड होताच ई-मेल पाठवू शकतो. आजही असंख्य सर्व्हरवर हीच आज्ञा चालते.

आता माझी संध्याकाळ. पडद्यावर रेघ तिसऱ्या जागी होती. मी खोक्यातली डावीकडून तिसरी डिस्क ओढून काढली. खोक्यातली मोजणी उजवीकडून होती! एक डिस्क आधीच मेलेली, दुसरी माझ्या हातात. रांग तिथेच थांबली. बाहेर एजंट नोंदी करीत होते, त्यांचे पडदे गोठले. व्यवस्थापक जिन्याखाली वाकून म्हणाले, "काय हो, लोकांचे पैसे आहेत ना जागेवर?"

मला उत्तर देता येईना. डिस्क परत खाचेत सरकवली, रांग बंद केली आणि ती जबरीने जुळवण्याची आज्ञा दिली. काढलेली डिस्क इतरांपेक्षा काही क्षणच मागे राहिली होती, म्हणून रांग उभी राहिली. त्या वेळच्या सतरा नोंदी अर्धवट होत्या. एजंटांच्या पावतीपुस्तकांवरून त्या पुन्हा भरेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. कुणाचा रुपया गेला नाही, पण त्याचे श्रेय कार्बन कागदाला जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी दोन कामे केली. प्रत्येक डिस्कचा क्रमांक आज्ञा देऊन वाचला, चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी त्या-त्या खाचेवर चिकटवली. मग पहारेकऱ्याने सात आठवड्यांपूर्वी ई-मेल का पाठवली नाही, ते शोधले. त्याने ती पाठवली होती. सर्व्हरच्या आतल्या पेटीत ती पडून होती, आणि ती पेटी कधीच कुणी उघडत नव्हते. माझा पत्ता तिथे घालायचा राहिला होता. तो राहिला माझ्याच हातून.

पुढे डिस्क मोठ्या होत गेल्या. नवी डिस्क भरून निघायला तास तास लागू लागले आणि तेवढ्यात दुसरी जाण्याची भीती वाढली. म्हणून दोन बेरजा ठेवणारी रेड सहा आली. लिनक्समध्ये ती २००४ पासून आहे. पण कितीही बेरजा ठेवल्या तरी रांग आपल्याला डिस्कच्या मरणापासून वाचवते, आपल्या चुकीपासून नाही. कुणी चुकून खाते पुसले, तर ते सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी इमानेइतबारे पुसले जाते. त्यासाठी वेगळी प्रत हवी, वेगळ्या जागी.

एक पान रिकामे झाले तरी पंगत चालूच राहते, यातच तिची सोय आहे आणि तिचा धोकाही. बर्कलीच्या तिघांनी स्वस्त डिस्कना भरवसा दिला, पण त्या भरवशाची एक बाजू माणसाकडेच राहिली. मी आजही सोमवारी सकाळी आधी ती एक ओळ टाइप करतो, चारही अक्षरे मोजतो आणि मगच चहाला जातो.