आठवड्याचे बिऱ्हाड : इंग्लंडच्या खेड्यातील ‘हॉलिडे कॉटेज’

इंग्लंडच्या ग्रामीण भागात पर्यटकांना प्रामुख्याने आठवड्याच्या बोलीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या सुसज्ज घराला ‘हॉलिडे कॉटेज’ म्हणतात. हॉटेलात खोली मिळते, ‘बेड अँड ब्रेकफास्ट’मध्ये खोलीबरोबर सकाळची न्याहारीही मिळते, येथे मात्र संपूर्ण घर ताब्यात येते आणि त्यातील चूल पाहुण्यानेच पेटवायची असते. या व्यवस्थेला ‘सेल्फ-केटरिंग’ म्हणतात ते याच अर्थाने. वाढपी नाही, नोकर नाही, घरमालक बहुधा दृष्टीसही पडत नाही. पाहुणा काही दिवसांपुरता त्या गावचा बिऱ्हाडकरू होतो.

आज हौसेने पाहिले जाणारे हे घर मुळात गरिबाचे. शेतमजूर, विणकर, खाणकामगार, मच्छीमार यांच्यासाठी हाताशी असेल त्या सामग्रीतून ते उभे राहिले. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाळ रंगाचा चुनखडीचा दगड, कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट, तर डेव्हनमध्ये माती आणि पेंढा तुडवून रचलेल्या ‘कॉब’च्या भिंती व त्यांवर गवती छप्पर. ग्लॉस्टरशायरमधील बिबरी गावची ‘आर्लिंग्टन रो’ ही घरांची ओळ याचे नमुनेदार उदाहरण होय. सुमारे १३८० साली मठाची लोकर साठविण्यासाठी बांधलेल्या या इमारतीची सतराव्या शतकात विणकरांसाठी घरे करण्यात आली. ही ओळ आता ‘नॅशनल ट्रस्ट’च्या मालकीची असून तिच्यातील एक घर पर्यटकांना राहावयास मिळते.

मजुराचे घर पाहुण्याकडे गेले त्यामागे शेतीतील बदल आहे. पूर्वी अनेक मजुरांना घर नोकरीबरोबरच मिळे आणि नोकरी सुटली की घरही सुटे. अशा ‘टाइड कॉटेज’मधील मजुरांना १९७६ च्या कायद्याने संरक्षण दिले, परंतु तोवर यंत्रांमुळे मजुरांची संख्याच रोडावली होती. दुसरीकडे १९३८ च्या पगारी रजेच्या कायद्याने आणि युद्धोत्तर काळात वाढलेल्या मोटारींनी शहरातला कुटुंबवत्सल माणूस खेड्याकडे वळला. रिकाम्या घरांना नवा भाडेकरू मिळाला. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘लँडमार्क ट्रस्ट’ने तर पडझडीला आलेल्या ऐतिहासिक वास्तू दुरुस्त करून त्या भाड्याने देण्याची पद्धतच रूढ केली. या संस्थेच्या घरांत दूरचित्रवाणी संच नसतो, याचे काहींना कौतुक तर काहींना संकट वाटते.

व्यवहार साधा आहे. ‘चेंजओव्हर’ म्हणजे पाहुणे बदलण्याचा दिवस बहुधा शुक्रवार किंवा शनिवार. जुन्या पाहुण्याने सकाळी दहापर्यंत घर सोडायचे, नव्याने दुपारी तीन-चारनंतर यायचे. मधल्या काही तासांत सफाई उरकते. किल्ली पुष्कळदा दाराशेजारच्या आकडी कुलपाच्या पेटीत असते. टेबलावर दूध, पाव, चहा यांची स्वागताची शिदोरी आणि सूचनांची वही. ती वही आधी वाचावी. अनेक खेड्यांत गॅसची वाहिनी नसल्याने घर तेलाच्या बॉयलरवर तापते, सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाते आणि तुळया इतक्या खाली असतात की उंच माणसाने पहिल्या दिवशी कपाळ सांभाळलेलेच बरे.

मोटार नसेल तर मात्र पंचाईत. खेड्यातल्या बसगाड्या तुरळक, काही ठिकाणी रविवारी अजिबात नाहीत. १९९४ च्या कायद्यानुसार इंग्लंडमधील मोठ्या दुकानांना रविवारी सलग सहा तासच व्यवहार करता येतो; त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पोहोचणाऱ्याने वाटेतच बाजार करून घ्यावा. स्वतःचे स्वयंपाकघर ही शाकाहारी मराठी कुटुंबाला मोठीच सोय. डाळ-तांदूळ ब्रिटनमधील मोठ्या सुपरमार्केटमध्ये सहज मिळतात. भारतातून तूप किंवा पेढे नेऊ नयेत. दुग्धजन्य पदार्थ आणण्यास तेथे मनाई आहे. फोडणी देताना खिडकी उघडावी, अन्यथा धूरसूचक घंटा सगळी आळी गोळा करील!

या सोयीची किंमत गावाला मोजावी लागते. ज्या घरात बाराही महिने कुटुंब राहत होते, ते हिवाळ्यात अनेक आठवडे अंधारात राहते. शाळेतील मुले घटतात आणि गावात वाढलेल्या तरुणाला गावातच घर घेणे परवडत नाही. लेक डिस्ट्रिक्ट, कॉर्नवॉल, नॉर्थ यॉर्कशायरचा किनारा येथे ही तक्रार जुनी आहे. अर्थात पाहुण्यांवरच गावचे दुकान, पब आणि सफाई करणाऱ्यांची मजुरी चालते, हेही तितकेच खरे.

सरकारने अलीकडे करांचा फास आवळला आहे. एप्रिल २०२३ पासून वर्षात १४० दिवस उपलब्ध आणि प्रत्यक्षात ७० दिवस भाड्याने गेलेले घरच इंग्लंडमध्ये व्यावसायिक करासाठी पात्र ठरते. लहान मालमत्तेला त्यात पूर्ण सूटही मिळू शकते, म्हणून ही पात्रता मोलाची. या व्यवसायाला १९८४ पासून लाभलेल्या आयकर सवलती एप्रिल २०२५ मध्ये संपल्या. त्याच महिन्यापासून दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या बंदरगावाने २०१६ मध्येच सार्वमत घेऊन नवी घरे केवळ कायम राहणाऱ्यांसाठीच, अशी अट घातली. ती अट नव्या बांधकामापुरतीच आहे. बंदरालगतच्या मच्छीमारांच्या जुन्या घरांना ती लागू नाही.