आधी विचारावं, मग मोजावं

माझी अम्मा दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेली आहे. रोज फजरच्या नमाजनंतर मी तिच्या दंडाला पट्टा बांधतो, बटण दाबतो आणि आलेला आकडा वहीत लिहून ठेवतो. एका सकाळी वरचा आकडा आला १७८. पुन्हा मोजलं, तर १८२. माझ्याच छातीत धडधडायला लागलं. एक गोळी जास्तीची द्यावी, म्हणून मी डबीही उघडली.

हा आकडा घराघरांत पोचायला दोनशेहून अधिक वर्षं लागली. रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला गेला तो एका घोडीच्या जिवावर. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी तिच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांच्याही वर चढलं. १७३३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. १८२८ मध्ये फ्रान्सच्या प्वाझय यांनी पारा वापरला. पारा रक्ताहून कितीतरी जड, त्यामुळे नळी आखूड झाली. आजही दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात तो त्यामुळेच.

पण धमनी कापणं काही टळत नव्हतं. सहज वापरता येईल असा दंडाचा पट्टा आणला तो इटलीच्या रिवा-रोची यांनी, १८९६ मध्ये. हाताची नाडी कधी थांबते आणि कधी परतते हे बोटांनी पाहायचं. त्यातून वरचा आकडा कळे, खालचा नाही. १९०५ मध्ये रशियाचे शल्यचिकित्सक कोरोत्कॉव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला आणि कान दिला. दाब उतरताना ठोके कुठे सुरू होतात आणि कुठे विरतात, हे ऐकून दोन्ही आकडे मिळाले. त्यांचं ते टिपण जेमतेम एक पान भरेल एवढं होतं!

१९४० मध्ये अमेरिकेत आयमन आणि गोल्डशाइन यांनी रुग्णांना घरीच दाब मोजायला लावला. दवाखान्यापेक्षा घरचे आकडे बहुधा कमी निघाले. यंत्र तेच आणि माणूसही तोच, फक्त मनावरचा ताण वेगळा.

आपल्या घरातलं बटणाचं यंत्र सहसा ते ठोके ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपून ते हिशेब करतं. ऐकायचं काम आपल्याकडेच उरलं आहे. मी ते केलं नव्हतं.

डबी माझ्या हातात असतानाच अम्मा हळूच म्हणाली, "बेटा, जरा बहूला हाक मार." पहाटेपासून तिला लघवीला लागली होती. मुलाला कसं सांगायचं, या लाजेनं ती दाबून पडून राहिली होती. भरलेल्या मूत्राशयानं रक्तदाब वाढतो, हे मी वाचलेलं होतं. पण तिला विचारणं मात्र सुचलं नव्हतं.

अर्ध्या तासानं तिचा हात उशीवर, हृदयाच्या उंचीला ठेवला. पाच मिनिटं दोघंही गप्प राहिलो. आकडा आला १५२. डबी मी मिटून ठेवली. गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनी. आकडा चढाच राहिला, छातीत दुखू लागलं, धाप लागली किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच धावायचं.

आता वहीत आकड्याआधी मी एक रकाना आखला आहे, 'अम्माला विचारलं'. तो भरल्याशिवाय पट्टा बांधत नाही.